लमाणाचा माल : श्रीराम लागू यांची नाट्यकारकीर्द

मराठी नटांच्या आत्मचरित्रांची नावे सहज एकत्र वाचली तरी त्यांतून नटाच्या आत्मकल्पनेचा एक लहानसा इतिहास हाती लागतो. गणपतराव बोडस यांनी आपल्या पुस्तकास ‘माझी भूमिका’ असे नाव दिले; त्यात नटाचा अधिकार आणि त्याची बाजू अशा दोन्ही अर्थांचा श्लेष आहे. चिंतामणराव कोल्हटकर यांच्या ‘बहुरूपी’ला १९५८ साली साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले, तेथे नट हा रूपे पालटणारा, म्हणजे एका परीने लोकांना चकविणारा कलावंत आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी मात्र आपल्या आत्मचरित्राचे नाव ‘लमाण’ असे ठेवले. बैलांच्या तांड्यावर मीठ, धान्य लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणारा तो लमाण. माल त्याचा नव्हे, पेठही त्याची नव्हे. मधली वाट तेवढी त्याची. नाटककाराचे शब्द प्रेक्षकांपर्यंत पोचविणे एवढेच नटाचे काम, असा त्या नावाचा सरळ अर्थ आहे.

हे नाव नम्र आहे यात शंका नाही. ते पुरेसे खरे आहे काय, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे. कारण भाषांतरकारालाही लोक असेच वाहक समजत आले आहेत, आणि वाटेत मालाचे काय होते याची चौकशी फारशी कोणी करीत नाही.

लागू यांचा जन्म सातारा येथे १६ नोव्हेंबर १९२७ रोजी झाला. वडील डॉक्टर. पुण्याच्या भावे स्कूल, फर्ग्युसन महाविद्यालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय येथे शिक्षण झाले. रंगभूमीची ओढ महाविद्यालयातच लागली. कान, नाक व घसा यांच्या शल्यचिकित्सेचे शिक्षण घेऊन त्यांनी पुण्यात काही वर्षे व्यवसाय केला, अधिक शिक्षणासाठी कॅनडा व इंग्लंड येथे वास्तव्य केले, आणि पुढे आफ्रिकेत, टांझानियातील टाबोरा येथे, शल्यचिकित्सक म्हणून काम केले. घशाचा डॉक्टर आणि आवाजाचा नट, हा योगायोग गमतीचा म्हणून नेहमी सांगितला जातो. पण त्याचे महत्त्व गमतीहून अधिक आहे. ज्या पिढ्यांनी नटाच्या आवाजाला दैवी देणगी मानले, त्यांच्या नंतर आलेला हा नट आवाज म्हणजे स्नायू, श्वास आणि सराव असे मानणारा होता. अभिनयाच्या या अंगावर त्यांनी ‘वाचिक अभिनय’ नावाचे एक छोटेखानी पुस्तकही लिहिले. देणगीविषयी कृतज्ञ राहावे लागते. साधनाविषयी जबाबदार राहावे लागते. लागू यांच्या साऱ्या अभिनयात ही दुसरी वृत्ती दिसते.

पुण्यात भालबा केळकर यांच्या भोवती जमलेल्या तरुणांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था उभी केली होती. वसंत कानेटकरांचे पहिले नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ साली याच संस्थेने रंगमंचावर आणले आणि त्यात लागू होते. मुंबईत विजया मेहता यांच्या ‘रंगायन’शीही त्यांचा संबंध आला. या काळातील त्यांच्या रंगकार्याला हौशी म्हणावयाचे ते केवळ पोटाचा उद्योग निराळा होता म्हणून. त्यामागील शिस्त व्यावसायिकांनाही लाजविणारी होती. १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी वैद्यकी सोडली आणि कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकातून व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले. ज्या वयात नट नायकाच्या भूमिका सोडू लागतो त्या वयात हा गृहस्थ नट झाला. त्यामुळे तरुण नायकाचा काळ त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही, आणि त्याचे नुकसान त्यांना झाले असे म्हणवत नाही.

१९७० हे एकच वर्ष या कारकीर्दीच्या आकलनासाठी पुरेसे आहे. त्या वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ लागू यांनी दिग्दर्शित केले व त्यात भूमिकाही केली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर महिन्यात, वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. एकाच मराठी रंगभूमीवरील ही दोन नाटके एकमेकांपासून जितकी दूर असू शकतात तितकी दूर आहेत. ‘गिधाडे’ लिहून झाल्यावर कित्येक वर्षे रंगमंचाचे तोंड पाहू शकले नव्हते. एका कुटुंबातील लोभ, शिवीगाळ आणि हिंसा त्यात उघडीवाघडी मांडलेली होती. परिनिरीक्षण मंडळाने ज्या गोष्टींना हरकत घेतली त्यांत गर्भपात सुचविणारा लुगड्यावरील लाल डाग होता. तेव्हा प्रयोगात तो डाग निळा करण्यात आला आणि हा निळा डाग लाल समजावा, अशी सूचना प्रेक्षकांना आधीच देण्यात आली. आज्ञा पाळली गेली आणि आज्ञेचा पराभवही झाला. लमाणाने येथे माल जसाच्या तसा पोचविला होता काय? डागाचा रंग बदलला. पण तो पाहणाऱ्याच्या मनात पूर्वीपेक्षा अधिक लाल झाला.

‘नटसम्राट’ची गोष्ट निराळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. शेक्सपिअरचा लियर मराठीत येण्याची खटपट जुनी होती. शंकर मोरो रानडे यांनी ‘अतिपीडचरित’ या नावाने १८८१ सालीच त्याचे रूपांतर केले होते. पण ‘हॅम्लेट’ला आगरकरांच्या ‘विकारविलसित’मुळे किंवा ‘ऑथेल्लो’ला देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे मराठी रंगभूमीवर जे घर मिळाले, ते लियरला मिळाले नाही. नानासाहेब फाटक यांच्यासारख्या थोर नटाला लियर करावासा वाटत होता आणि शिरवाडकरांच्या मनात हे बीज पडण्यास ती इच्छा कारण झाली. परंतु शिरवाडकरांनी रूपांतर केले नाही. त्यांनी राजाच्या जागी निवृत्त नट बसविला. गणपतराव बेलवलकर आपले राज्य वाटतो म्हणजे आपली मिळकत मुलाला व मुलीला देऊन टाकतो. आणि मग या घरातून त्या घरात, व अखेर रस्त्यावर जातो. कॉर्डेलिया येथे नाही. तिची निष्ठा, केंटची सोबत आणि विदूषकाचे सत्यकथन यांचे तुकडे कावेरी या एका स्त्रीच्या पात्रात वितळले आहेत. नवरा जिला ‘सरकार’ म्हणून हाक मारतो ती ही कावेरी. शांता जोग यांनी ती भूमिका केली, आणि लागू यांच्या यशाचा हिशेब करताना तिचा वाटा बाजूला ठेवता येणार नाही.

राजाच्या ऐवजी नट घेतल्याने नाटकात एक मोठा लाभ झाला आणि एक मोठा धोकाही आला. लाभ असा, की जुन्या भूमिकांतील शब्द बेलवलकराच्या तोंडी सहज येतात. शेक्सपिअरचे जग त्याच्या आठवणीच्या वाटेने मराठी घरात शिरते. धोका असा, की शब्दांचा हा पूर नटाला वाहून नेऊ शकतो. शिरवाडकर मुळात कवी. त्यांची स्वगते कानाला इतकी सुखावतात की नुसती घोषवीत गेले तरी टाळ्या पडतात. या नाटकावर भावविवशतेचा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला आहे, आणि संहिता हातात धरून वाचताना तो सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. मुले दुष्ट नसली तरी उथळ रेखाटली आहेत. योगायोग सोयीचे आहेत. चोरीचा आळ आणि त्यानंतरचे गृहत्याग हे जुन्या नाटकांच्या कोठारातील साहित्य आहे.

लागू यांनी या ठिकाणी काय केले हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी पुराला बांध घातला. बेलवलकर हा नट आहे, म्हणजे तो दुःखातही बोलण्याची तयारी करणारा माणूस आहे, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे त्यांच्या बेलवलकराला दोन आवाज होते: एक रंगभूमीचा, खर्जातून चढत जाणारा, स्वतःच्या नादावर लुब्ध; आणि दुसरा घरातला, काहीसा चिडखोर, थकलेला, वाक्य अर्ध्यावर टाकणारा. आणि नाटकाचे सारे दुःख या दोहोंच्या मधल्या जागेत होते. जगण्या-मरण्याविषयीचे प्रसिद्ध स्वगत घेताना ते वाक्याच्या लयीवर थांबत नसत, अर्थावर थांबत. ओळ जेथे कानाला पूर्ण होते तेथे ती पुढे ढकलायची आणि विचार जेथे अडतो तेथे तिला अडवायचे, अशी ती रीत होती. कवितेचे गद्य करून मग तिला पुन्हा कविता होऊ देण्याची ही क्रिया आहे. ज्यांनी भाषांतराचे काम केले आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. मूळ वाक्याचा मोह तोडल्याशिवाय दुसऱ्या भाषेत वाक्य उभे राहत नाही.

म्हणूनच ‘नटसम्राट’ हे एका बाजूने शिरवाडकरांचे नाटक राहिले आणि दुसऱ्या बाजूने ते लागू यांच्या वाचनातून सिद्ध झालेले नाटक ठरले. या नाटकाला १९७४ साली साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले ते अर्थात संहितेला. त्याच वर्षी विंदा करंदीकरांचे ‘राजा लिअर’ हे निष्ठावंत भाषांतर प्रसिद्ध झाले. ते ग्रंथालयात मानाने राहिले. प्रेक्षकगृहात मात्र मराठी माणसाच्या मनातला लियर बेलवलकरच होता.

‘नटसम्राट’च्या प्रकाशात लागू यांच्या इतर भूमिका झाकोळल्या गेल्या, आणि त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड झाली. कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ (१९७२) मधील नानासाहेब भानू, गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ (१९७४) मधील प्राध्यापक श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी, तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) मधील नाथ देवळालीकर, महेश एलकुंचवार यांच्या ‘आत्मकथा’ (१९८८) मधील वृद्ध लेखक राजाध्यक्ष, आणि चित्रपटांत ‘पिंजरा’ व ‘सामना’ यांतील दोन मास्तर: ही पात्रे निरनिराळ्या लेखकांची आहेत. त्या लेखकांचे एकमेकांशी पटत होते असेही नाही. तरीही ती एका ओळीत उभी केली की एकच माणूस दिसू लागतो. तत्त्वाने जगू पाहणारा, शब्दांवर विश्वास असलेला, आणि ज्या तत्त्वासाठी आयुष्य वेचले तेच तत्त्व आपल्या जवळच्यांवर काय भार टाकते हे उशिरा पाहणारा असा तो माणूस आहे.

नानासाहेब भानू या पात्रामागे धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आहे. लोकांसाठी हिमालय झालेल्या पुरुषाच्या सावलीत पत्नीने आणि मुलांनी काय सोसले, हा त्या नाटकाचा विषय. नाथ देवळालीकर हा समाजवादी कार्यकर्ता. मुलीने दलित तरुणाशी विवाह करावा यात त्याला आपल्या तत्त्वाचा विजय दिसतो, आणि त्या विजयाची किंमत मुलगी भरते. ‘कन्यादान’वर दलित लेखक व वाचक यांच्याकडून कठोर टीका झाली, आणि त्या टीकेतील वेदना खरी होती. परंतु लागू यांच्या नाथकडे पाहताना प्रेक्षकाचा रोख जावयाच्या क्रौर्याकडून सासऱ्याच्या भोळ्या अहंकाराकडे वळणे शक्य होते. संहितेत दोन्ही आहेत. तोल कोठे ठेवायचा हे नट ठरवितो. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’मधील प्राध्यापक कुलकर्णी चौकशी समितीपुढे बसला आहे. नाटकात घडत जवळजवळ काहीच नाही. प्रश्न येतात आणि उत्तरे दिली जातात. हे नाटक लागू यांनीच दिग्दर्शित केले. नुसत्या विचारविनिमयावर दोन-अडीच तास प्रेक्षकाला धरून ठेवता येते, हे मराठी रंगभूमीला त्या प्रयोगाने दाखवून दिले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हा योगायोग नव्हे. नट भूमिका निवडतो, आणि निवडीला सातत्य आले की ती रचना होते. स्वातंत्र्याच्या आधी आदर्श घेऊन वाढलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्या आदर्शांचे काय झाले हे पाहत म्हातारा झालेल्या मराठी मध्यमवर्गीय पुरुषाचे चरित्र कोणा एका नाटककाराने लिहिलेले नाही. ते पाच-सहा लेखकांनी तुकड्यातुकड्यांनी लिहिले आणि लागू यांच्या देहात ते सलग झाले. लमाणाची उपमा येथे अपुरी पडते. निरनिराळ्या मुलखांतून उचललेला माल एकाच पाठीवर लादला की त्याचा वास एकमेकांना लागतो.

चित्रपटांविषयी थोडा निराळा विचार केला पाहिजे. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ने (१९७२) लागू महाराष्ट्रभर खेडोपाडी पोचले. तमाशाच्या नादात खचत जाणाऱ्या शिक्षकाची ही कथा जर्मन लेखक हाइनरिख मान यांच्या कादंबरीवरून निघालेल्या ‘द ब्लू एंजल’ या १९३० च्या चित्रपटाशी नाते सांगते. मात्र मराठी चित्रपटाने तिला एक विलक्षण वळण दिले आहे. गावकरी मास्तर मेले असे समजून त्यांचा पुतळा उभारतात, आणि जिवंत मास्तरावर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो. पुतळा टिकावा म्हणून तो शिक्षा पत्करतो. शांतारामांची शैली ठसठशीत, रंगांची आणि संकेतांची. तिच्यात लागू यांचा अभिनय कधीकधी उपरा वाटतो. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यातील त्यांचे गप्प राहणे आजही पाहवत नाही इतके बोलके आहे.

जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात कॅमेऱ्याची भाषा लागू यांना पूर्णपणे अवगत झालेली दिसते. तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटात साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव आणि एक मद्यपी, विस्कटलेला, एकेकाळचा गांधीवादी मास्तर यांचा सामना आहे. हिंदुराव निळू फुले यांनी केला. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, एवढा एकच प्रश्न मास्तर धरून बसतो. येथे लागू यांनी रंगमंचावरचा तो घडीव आवाज जवळजवळ टाकून दिला. प्रश्न कधी बडबडीत येतो, कधी ओशाळ्या हसण्यात. आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा जड होतो. पुढे ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये याच दोन नटांच्या जागा पटेलांनी उलट केल्या. लागू सत्तेच्या मागे लागलेले अर्थमंत्री विश्वासराव झाले आणि निळू फुले सत्तेचा खेळ पाहणारा पत्रकार दिगू. चार-पाच वर्षांच्या अंतराने हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. नटांच्या जोडीविषयी त्यातून जेवढे शिकता येते तेवढे ग्रंथांतून क्वचितच.

हिंदी चित्रपटांत त्यांनी शंभराहून अधिक भूमिका केल्या. भीमसेन यांच्या ‘घरौंदा’तील (१९७७) प्रौढ धनिकासाठी त्यांना फिल्मफेअरचे सहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’त (१९८२) ते गोखले झाले, मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये (१९८९) पावसात घराबाहेर पडून परत न येणारा प्राध्यापक त्यांनी असा उभा केला की त्याची गैरहजेरी साऱ्या चित्रपटभर जाणवत राहते. ही तीन-चार नावे सोडली तर उरलेला बहुतांश पसारा न्यायाधीश, डॉक्टर आणि शोकाकुल वडील यांचा आहे. हे काम त्यांनी चरितार्थासाठी केले, आणि तसे मानण्यात त्यांचा अपमान नाही. लमाणाची उपमा कोठे खरी ठरत असेल तर ती येथे: पाठीवर पोते आहे, आत काय आहे याची चौकशी नको.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विनोदाची हलकी, निरुद्देश जात त्यांच्या अंगवळणी पडली नाही. विचार इतका जागा असे की एखाद्या क्षणी पात्राच्या आधी नटाला अर्थ कळला आहे असे वाटे. बुद्धिप्रामाण्यवाद हा त्यांच्या केवळ मतांचा भाग नव्हता, तो त्यांच्या अभिनयाचाही धर्म होता. देवाला आता निवृत्त करावे, असे जाहीरपणे लिहून त्यांनी मोठे वादळ अंगावर घेतले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते नरेंद्र दाभोलकर यांच्या बरोबरीने उभे राहिले. सामाजिक कार्यकर्त्यांसाठी कृतज्ञता निधी उभारण्याकरिता अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करीत ते निळू फुले प्रभृतींसह महाराष्ट्रभर हिंडले. विनोदी नाटकाशी त्यांचा आलेला हा संबंधही कर्तव्याच्या वाटेने आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९९४ साली धावत्या गाडीवर कोणी भिरकावलेल्या दगडाने त्यांचा मुलगा तन्वीर याचा मृत्यू झाला. त्या दगडाला अर्थ नव्हता, आणि लागू यांनी तो कधी देवादिकांकडे शोधला नाही. २००४ पासून ‘रूपवेध’ प्रतिष्ठानच्या वतीने त्यांनी व दीपा लागू यांनी मुलाच्या नावाने रंगकर्मींसाठी ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला. पद्मश्री (१९७४) आणि पुढे संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्ती (२०१०) हे मान मिळाले. वार्धक्यातही ‘मित्र’सारख्या नाटकात, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या आणि दलित परिचारिकेशी झगडत तिला जाणून घेणाऱ्या वृद्धाची भूमिका त्यांनी केली. ज्या नटाचे सर्वस्व वाणी, त्याने वाणी अडखळणारा माणूस करावा, हे धाडसच होते. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी केला. २०१६ साली नाना पाटेकर यांनी तो पडद्यावर आणला. प्रत्येकाचा निराळा, आणि भट यांचा बेलवलकर अधिक सच्चा होता असे मानणारे रसिकही पुष्कळ आहेत. तरीही संहितेचे पान उघडून वाचू लागणाऱ्या जुन्या वाचकाच्या मनात विराम पडतात ते बहुधा लागू यांच्या जागी. हे नाटक अन्य भारतीय भाषांत नेणाऱ्या भाषांतरकारापुढे त्यामुळे एक अडचण कायम उभी असते. छापील पानावर शिरवाडकरांचे दीर्घ, डौलदार वाक्य आहे, आणि ध्वनिमुद्रणात तेच वाक्य तीन ठिकाणी तुटलेले आहे. दोहोंपैकी मूळ कोणते धरायचे, हे त्याला पहिल्याच स्वगतापाशी ठरवावे लागते.